गंजकी गाडी घेताना



माणसाला नाना छंद असतात. कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी टपाल तिकिटं. या छंदांना जागा एका कपाटाची लागते आणि शेजाऱ्यांना त्याची खबरही नसते. पण एखाद्यानं ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून, चारी चाकं बसलेली, काचा फुटलेली, गंजानं लाल झालेली मोटार घरी ओढत आणली, तर अख्खी गल्ली गोळा होते. “काहून आणलं बाप्पा हे?” हा आमच्या वऱ्हाडातला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न घरातून येतो. तो मी इथे सांगत नाही. विवाहित श्रोत्यांना तो ठाऊक आहे.

आज मला या छंदाविषयी बोलायचं आहे. जुनी गंजलेली गाडी विकत घ्यायची आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची. परदेशात असा छंद करणारे बहुधा स्पोर्ट्स कार शोधतात. दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला लागून पळणारी गाडी. आपल्याकडे अशा गाड्या आल्याच किती? राजेरजवाड्यांकडे होत्या. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या अल्फा रोमिओ आणि बुगाटी या गाड्यांची नावं आजही जगभरचे शौकीन आदरानं घेतात. पण त्या गाड्या आपल्या स्वप्नातही परवडत नाहीत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक बंधनं आली आणि सामान्य माणसासाठी तीनच नावं उरली: कलकत्त्याजवळची अँबॅसिडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी गाडी निघाली. इंजिन रेनॉचं, अंग फायबरचं. ती फारशी खपली नाही, पण फायबरला गंज चढत नाही एवढं खरं.

मग आपल्या भागात स्पोर्ट्स कारच्या सगळ्यात जवळची जुनी गाडी कोणती? माझं उत्तर स्टँडर्ड हेराल्ड. आजच्या तरुणांनी हे नाव ऐकलं नसेल. ट्रायम्फ हेराल्ड ही गाडी इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचा आकार इटलीतल्या जोव्हानी मिकेलोत्ती या कलावंतानं काढला होता. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आपल्याकडे बनवायला घेतली. ९४८ सी.सी.चं इंजिन, सुरुवातीला दोन दरवाजे, पुढे खास भारतासाठी चार. १९७० च्या दशकात तिचंच रूप बदलून गझेल आली आणि १९७७ च्या सुमारास ती मालिका संपली. इंग्लंडमध्ये याच हेराल्डची चासी थोडी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर काढली. ती जगप्रसिद्ध स्पोर्ट्स कार १९८० पर्यंत बनत होती आणि तीन लाखांहून अधिक विकली गेली. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या डॉक्टरांच्या गोठ्यामागे पडलेली हेराल्ड ही त्या स्पिटफायरची सख्खी थोरली बहीण. चुलत नव्हे, सख्खी.

या गाडीची एक गंमत आहे आणि ती गंज काढणाऱ्याच्या फार कामाची आहे. हेराल्ड आखली जात होती तेव्हा, १९५० च्या दशकात, बहुतेक कंपन्या चासी आणि अंग एकत्र जोडून एकाच डब्यासारखी गाडी बनवायला लागल्या होत्या. स्टँडर्ड-ट्रायम्फला असं अंग बनवून देणारा कारखाना मिळेना. त्यांचा पुरवठादार प्रतिस्पर्धी कंपनीनं विकत घेतला होता. तेव्हा त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी घेतली आणि अंगाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून ते बोल्टांनी एकमेकांना जोडले. ती त्यांची अडचण होती, पण आज साठ वर्षांनी ती आपली सोय झाली आहे. हेराल्डचं टप बोल्ट काढून उचलता येतं. मागचा भाग वेगळा होतो. बोनेट तर दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटं उघडतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं समोर येतं. पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. आमचे जुने मिस्त्री असेच बसून काम करत. फियाटचं तसं नाही. प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट अकराशे यांना वेगळी चासी नाही; पत्रा हाच सांगाडा. तिचा तळ सडला तर गाडीचा कणाच गेला. सुटे भाग मात्र फियाटचे आजही ढिगानं मिळतात. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, ही त्याचीच पुण्याई.

आता आपल्या वाशीम जिल्ह्यातली गोष्ट. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या भागात जुन्या गाड्या कुठे सापडतात? जिनिंग-प्रेसिंगच्या बंद शेडमध्ये, जुन्या वाड्याच्या ढेलजेत, वकील-डॉक्टरांच्या परसात. कोकणातली किंवा मुंबईची गाडी खाऱ्या हवेनं चहूबाजूंनी खाल्लेली असते. आपली हवा कोरडी. त्यामुळे इथल्या गाडीचं टप, बोनेट, दरवाज्यांचा वरचा भाग पाहिला तर माणूस खूष होतो. पत्रा खणखणीत! आणि तिथेच फसतो. आपल्याकडचा शत्रू हवेत नाही, जमिनीत आहे. काळी माती. गाडी उघड्यावर काळ्या मातीत उभी राहिली की दोन पावसाळ्यांत टायर बसतात, तिसऱ्यात चाकं रुततात आणि चासी जमिनीला टेकते. ती माती दिवाळीनंतरही ओल धरून असते. वरून कोरडी ठणठणीत गाडी खालून सडत जाते. म्हणून पहिला नियम: आपल्या भागातली गाडी गुडघे टेकून, खरं तर आडवं पडून पाहावी. धोतर असो की पँट, खराब झालीच पाहिजे.

सोबत तीन वस्तू न्याव्यात. एक दाभण, एक विजेरी आणि एक लहान लोहचुंबक. दाभण दारांच्या खालच्या पट्टीला, डिकीच्या तळाला, पायाखालच्या पत्र्याला टोचायचं. चांगला पत्रा ठणकन दाभण परत पाठवतो. सडलेला बिस्किटासारखा आवाज करतो. लोहचुंबक रुमालात गुंडाळून अंगावरून फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. बोटभर जाड पुट्टीवर सुंदर रंग मारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांना गाडी म्हणावं की गणपतीची मूर्ती, हा प्रश्न पडतो.

हेराल्डची चासी म्हणजे मधोमध कण्यासारखे दोन लोखंडी बीम आणि त्यांना दोन्ही अंगांनी फुटलेले फाटे. त्या फाट्यांवर अंग बसतं. फाट्यांच्या टोकांशी माती साठते आणि तिथून गंज सुरू होतो. फाटा सडला असेल तर घाबरू नका. तो कापून नवा बनवता येतो. आपल्याकडे वखर, डवरे, ट्रॉल्या बनवणारे वेल्डर गावोगाव आहेत. जाड लोखंडाची चौकट सरळ ठेवून जोडणं हे त्यांचं रोजचं काम. पण मधले दोन बीम, विशेषतः मागे डिफरन्शियल जिथे टांगलेलं असतं तो भाग खाल्लेला असेल, तर नमस्कार करून परत यावं. स्पिटफायरबाबत तर आणखी सांभाळावं लागतं. तिच्या चासीला बाजूचे आधार कमी, म्हणून दाराखालची पट्टी हीच तिची ताकद. ती पट्टी कापण्याआधी दाराभोवतीची फट मोजून ठेवावी लागते. नाहीतर नवी पट्टी बसते आणि दार कायमचं बसत नाही.

दारांच्या फटी पाहायला विसरू नका. वर फट अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मध्ये वाकली आहे. ही गोष्ट विकणारा कधीच सांगत नाही. बऱ्याचदा त्याला ती ठाऊकही नसते.

इंजिन जाम असेल तर लोक निराश होतात. मला त्याची फार चिंता वाटत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल थोडं थोडं ओतायचं, आठ-दहा दिवस थांबायचं, मग हातानं हळूहळू फिरवायचं. बहुतेक इंजिनं सुटतात. न सुटली तर खोलायची. लोखंडाचं इंजिन आहे, अकोल्याला बोअरिंग होतं, रिंगा बसतात. मात्र एक करू नका. उत्साहाच्या भरात बॅटरी लावून सेल मारू नका. एक तर रिंगा मोडतात. शिवाय त्या काळातल्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं असे, आजच्या उलट. सवयीनं जोडलं की डायनॅमो आणि वायरिंगचा धूर. आणि पेट्रोलची जुनी टाकी रिकामी दिसली म्हणून तिला वेल्डिंग लावू नका. वर्षानुवर्षं रिकाम्या टाकीतही वाफ राहते आणि तिचा स्फोट होतो. हे मी गमतीनं सांगत नाही.

तर पत्रा पाहिला, चासी पाहिली, इंजिन पाहिलं. आता मी ज्याला खरी गाडी म्हणतो ती पाहायची, म्हणजे कागद. इथे एक उदाहरण देतो. काही काळापूर्वी कारंजा तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे आला. त्यानं दोन हेराल्ड पाहून ठेवल्या होत्या. एक तीस हजारांना, दिसायला देखणी, अर्धी खोललेली, सुटे भाग चार पोत्यांत. दुसरी सत्तर हजारांना, शेडमध्ये उभी, उंदरांनी गादीतला कापूस आणि वायरी दोन्ही संपवलेल्या, पण सगळे भाग जागच्या जागी. त्याच्याजवळ जमा होते ऐंशी हजार. सोयाबीनचे पैसे, आणि त्यातले निम्मे वडिलांचे. वडील सोबत आले होते. ते काही बोलत नव्हते, फक्त माझ्याकडे पाहत होते. ते पाहणं मला जड गेलं.

स्वस्त गाडी घेतली तर हाताशी पन्नास हजार उरतात, हा त्याचा हिशेब. वरवर बरोबर. मी विचारलं, आर.सी. बुक कुठे आहे? स्वस्त गाडीचं नव्हतंच. चासीवरची नंबरपट्टीही नव्हती, दोन रिबिटांची भोकं तेवढी होती. विकणारा म्हणत होता की दुसऱ्या एका गाडीची पट्टी आणि कागद तो ‘जमवून’ देईल. श्रोतेहो, हे जमवणं म्हणजे गुन्हा आहे. अशी गाडी कितीही सुंदर केली तरी ती अंगणाबाहेर पडू शकत नाही. पडली तर थेट पोलीस ठाण्यात जाते. ती गाडी नव्हे, चार पोती भंगार. भंगाराच्या भावानं सुटे भाग म्हणून घ्यायला हरकत नाही, पण तीस हजारांना नाही.

दुसऱ्या गाडीचं बुक होतं, पिवळं पडलेलं, पण चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही जुळणारं. अडचण वेगळीच होती. गाडी ज्यांच्या नावावर होती त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. मुलगा विकत होता, दोन बहिणी लग्न होऊन परगावी. कायद्यानं मालक वारल्यावर तीन महिन्यांत वारसानं नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आपल्याकडे शेताचा फेरफार होतो, घराची नोंद होते, गाडीकडे कुणी पाहत नाही. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर आणि मग नमुना २९ आणि ३० भरून घेणाऱ्याच्या नावावर, असा दोन टप्प्यांचा रस्ता. बाकी वारसांची संमती लेखी हवी. बहिणींच्या सह्या गाडी घरी आणण्याआधी घ्याव्यात. गाडी चकचकीत झाल्यावर वडिलांच्या आठवणी फार दाटून येतात, असा अनुभव आहे.

आणखी एक खास आपल्या जिल्ह्याची गोष्ट. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वेगळा होऊन. एम.एच. ३७ हा क्रमांक त्यानंतरचा. तेव्हा १९६५-७० सालच्या गाडीची मूळ नोंद वाशीमच्या कार्यालयात शोधून उपयोग नाही. अकोला, अमरावती असा मागे मागे माग काढत जावं लागतं. आणि ती नोंद संगणकात नसते, जाड रजिस्टरात असते. ते रजिस्टर मिळालं तर जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. यात महिने जातात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नोंद हाती लागेपर्यंत विसार द्यावा, पूर्ण पैसे देऊ नयेत. त्या तरुणाला मी हेच सांगितलं. वडील तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “विसार किती?”

नोंदीच्या बाबतीत २०२१ साली एक मोठा बदल झाला. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये ठरवलं, मुदत दहा वर्षं. पुनर्नोंदणीचं पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही.ए.’ ही अक्षरं येतात. पण अट महत्त्वाची: अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. बाजाराच्या दिवशी पिशव्या घेऊन मंगरूळपीरला जायचं असेल तर हा मार्ग नाही. मग नेहमीची नोंदणी नूतनीकरणानं चालू ठेवायची. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाचं शुल्क बरंच वाढवलेलं आहे, ते आणि पर्यावरण कर धरूनच हिशेब मांडावा.

याच नियमामुळे एका जुन्या सवयीला वेसण बसली आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. आपल्याकडे जुन्या गाडीत मारुतीचं इंजिन नाहीतर डिझेल इंजिन घालायची पद्धत आहे. चालते, ॲव्हरेज देते, सुटे भाग मिळतात. पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्यानं तसं केलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण चासी, अंग किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येत नाही. एकदा मूळ इंजिन भंगारात गेलं की दरवाजा बंद. तेव्हा बदलायचंच असेल तर जुनं इंजिन तेल लावून, पोत्यात गुंडाळून घरात ठेवा. धान्याच्या कोठीशेजारी ठेवा, हवं तर.

सुटे भाग कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. गाडी मद्रासची, त्यामुळे चेन्नईच्या पुदुपेट बाजारात अजून काही ना काही निघतं. मुंबईला कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आहे, पुण्याला बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. ब्रिटनमध्ये हेराल्ड-स्पिटफायरचे बरेच भाग आजही नव्यानं बनतात. भाडं आणि आयात कर धरला की रबराचा एक बूश हौसेच्या किमतीचा होतो. पण गाडी वाचवणारी खरी माणसं आपल्या गावात आहेत. लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठोकून मडगार्डाची गोलाई काढणारा डेंटर आता साठीच्या पुढे गेला आहे. त्याची मुलं तयार दार आणून बसवतात. त्यांचं चुकतं असं नाही, आजच्या गाडीला तेच लागतं. पण हेराल्डच्या मडगार्डाला तोच म्हातारा हात लागतो, आणि तो आठवड्यातून दोनच दिवस कामाला येतो. त्याच्या सवडीनं गाडी होणार, आपल्या नाही.

यंत्र जगवण्याची विद्या या भागाला नवी नाही. कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ अशी धावणारी शकुंतला आठवते ना? तिचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं चाललं. ते काही आपोआप चाललं नाही. रोज कुणीतरी त्याच्या पोटात हात घालत होतं.

शेवटी पेट्रोलबद्दल, कारण इथे पुष्कळांची गाडी होऊनही अडते. हेराल्डच्या काळचं पेट्रोल शिशाचं होतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं, प्रकृतीला चांगलंच झालं. पण शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगण देत होतं. बिनशिशाच्या पेट्रोलवर जोरात चालवलं तर साध्या बिडाच्या हेडमधली बैठक झिजत जाते आणि व्हॉल्व्ह आत रुततो. उपाय आहे: हेड मशीनवर चढवून कडक पोलादाच्या सीट बसवायच्या, एकदाच. दुसरं इथेनॉल. २०२५ पर्यंत आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्वत्र पोचलं. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपातला पडदा त्यानं फुगतो, मऊ पडतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे घालावेत, आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. ऑइलमध्ये बुडवून ठेवलेले जुने ‘ओरिजिनल’ पडदे कुणी अभिमानानं देऊ लागला तर आभार मानून परत करा.

आणि कामाचा क्रम? आधी ब्रेक, मग इंजिन. बहुतेक जण उलट करतात, कारण इंजिन सुरू झाल्याचा आवाज घरच्यांना ऐकवायचा असतो. खोलताना प्रत्येक भागाचा फोटो काढा, बोल्ट त्या त्या भागासोबत डब्यात ठेवा, डब्यावर नाव लिहा. आणि सगळी गाडी एकदम खोलू नका. ती चार पोती मी सांगितली ना, त्यांचाही मालक असाच उत्साही माणूस होता.

कारंज्याच्या त्या तरुणानं सत्तर हजारांची गाडी साठ हजारांत घेतली. विसार पाच हजार दिला, दोन्ही बहिणींच्या सह्या झाल्या, रजिस्टरातली नोंद सापडायला सात महिने लागले. तोवर गाडी मूळ मालकाच्याच शेडमध्ये होती, फक्त याने ती विटांवर उचलून ठेवली होती. आता चासीचे पुढचे दोन फाटे नवे झाले आहेत, चारी ब्रेक धरतात, हेड सीट बसवायला अकोल्याला गेलं आहे. डेंटरबाबा दिवाळीनंतर येतो म्हणाले आहेत. वडील रोज सकाळी एक फेरी मारतात आणि उंदीर लागू नये म्हणून गाडीखाली डांबराच्या गोळ्या टाकतात.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)